नरसिंगची संध्याकाळ

उदगीरला देगलूर रोडवर नरसिंगचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात. आतली काळी पडलेली तार तो काढतो, नवी भरतो, वार्निश देतो, आणि मोटार पुन्हा पाणी ओढायला लागते. त्याचं घर आमच्या गल्लीत, माझ्या घराला लागून. मधली भिंत एकच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. गल्लीत सगळे मला बाई म्हणतात, तोही. आम्ही एकाच चर्चला जातो, एकाच मंडळीतले.

नाव नरसिंग आणि जातो चर्चला, याचं नव्या माणसाला नवल वाटतं. घराणं देगलूरकडचं, बाप्तिस्मा आजोबांच्या वेळचा. हा जन्मला तेव्हा आईने आपल्या वारलेल्या भावाचं नाव ठेवलं. एका पाळकांनी नाव बदलायचं सुचवलं होतं, तर म्हणाला, "आईनं हाक मारलेलं नाव हाय. कुणाला बोलावलंय ते देवाला कळत न्हाई का?"

लग्नानंतरची काही वर्षं तो फार प्यायचा. दुकान दिवे लागायच्या वेळेला बंद व्हायचं. रॉकेलने हात पुसायचा आणि तसाच जुन्या नाक्यामागच्या गुत्त्यात जायचा. त्याची बायको सुवार्ता घरात वाट बघत बसायची. तिचे वडील भालकीकडच्या खेड्यांतून देवाचं वचन सांगत फिरलेले, साधे, कमी बोलणारे गृहस्थ. लेकीच्या घरात काय चाललंय हे त्यांना कळत होतं, पण ते मधे पडले नाहीत. स्तुतीची गोष्ट घडली तेव्हा मात्र आले.

स्तुती ही नरसिंगची एकुलती एक मुलगी. तेव्हा चार वर्षांची असेल. गारीगार देतो म्हणून तो तिला बरोबर घेऊन गेला, गुत्त्याबाहेरच्या बाकावर बसवलं, आणि आत गेला. बाहेर पडला तो दुसऱ्या दाराने, आणि थेट घरी. सुवार्ताने विचारलं, "पोरगी कुठं हाय?" त्याने आपल्या हाताकडे बघितलं, जणू हातात असायला हवी होती.

स्तुतीला मकबूलने आणलं. मकबूलचं पंक्चरचं दुकान नरसिंगच्या दुकानाला लागून आहे. घरी जाताना त्याला ती बाकावर झोपलेली दिसली. खांद्यावर टाकून तो आमच्या गल्लीत आला, सुवार्ताच्या हातात पोर दिली आणि नरसिंगला एक शब्द न बोलता निघून गेला. "चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं," नरसिंग मला पुढे कधीतरी म्हणाला होता.

सासरे आले. जावयाने त्यांच्यासमोर शपथ घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो हात खाली केला. म्हणाले, "शपथा तू लई घेतल्यास. आता शपथ नको. फक्त आज दुकान बंद झालं की घरी ये आन् माझ्याजवळ चटईवर बस. उद्याचं उद्या बघू."

तो आला. सासऱ्यांनी एक गाणं म्हटलं, शास्त्रातला उतारा वाचला, मग प्रत्येकाने आपापली प्रार्थना केली आणि सगळे जेवायला बसले. दारू न मिळाल्याने नरसिंगला घाम फुटला होता. भिंतीपलीकडून मला सुवार्ताचा आवाज ऐकू येत होता. ती रडत गात होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सासरे पेरण्यांपासून काढणीपर्यंत राहिले. ते परत गेले तेव्हा नरसिंग स्वतःच चटई अंथरायला लागला होता.

ज्या वेळेला घसा कोरडा पडायचा, त्याच वेळेला तो गात बसायचा. दारू सुटली ती अशी. म्हणून ती वेळ त्याने कधी हलू दिली नाही. लाइट गेली तर मेणबत्ती. लग्नकार्य असलं तर जेवण मागे ठेवून घरी. पाहुणे आले तर पाहुण्यांनीही बसायचं. स्तुतीला ताप असला तरी तिला मांडीवर घेऊन बसायचा, डोळे मिटत असले तरी हात जोडून धरायचा. कधी मी म्हणाले, "अरे, झोपू दे लेकराला," तर म्हणायचा, "एक दिवस सुटला की मी सुटलो, बाई."

आम्हाला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू? त्यांचं गाणं सुरू झालं की गल्लीत कुकर लागायचे. मंडळीत नवीन लग्न झालेल्या जोडप्यांची बैठक असली की पाळक नरसिंगला उभं करायचे. तो दोनच वाक्यं बोलायचा, "वेळ ठरवा, जागा ठरवा. मनाला विचारू नका, मन न्हाईच म्हणणार." लोक माना हलवायचे. मीसुद्धा.

स्तुती हुशार निघाली. दहावीला चांगले मार्क पडले. आमच्याकडे पोरगं हुशार निघालं की त्याला लातूरला घालतात, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला. तिलाही घातलं. तिला जायचं होतं का? हाच प्रश्न मी सुवार्ताला नंतर विचारला. सुवार्ता म्हणाली, "तिनं न्हाई म्हटलं न्हाई, बाई." एवढंच.

लातूरच्या क्लासच्या भागातल्या मुलींच्या एका वसतिगृहात ती राहायला लागली. एका खोलीत दोघी. दुसरी वर्षाराणी, एक वर्ष पुढची, औशाजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तिथला नियम कडक. फोन दिवसभर कपाटात, संध्याकाळी तेवढा अर्धा तास हातात मिळायचा. नरसिंगला हे कळलं तेव्हा त्याला आनंदच झाला. तो अर्धा तास आणि आपली प्रार्थनेची वेळ एकच!

तेव्हापासून चटईवर स्तुतीच्या जागी फोन आला. तांब्याला टेकवून उभा केलेला. इकडून दोघं गायची, तिकडून ती. आवाज पुढे-मागे व्हायचा, पण गायची. मग उतारा, मग तिघांच्या प्रार्थना. तोवर अर्धा तास संपत यायचा. सुवार्ता घाईघाईने विचारायची, "जेवलीस का गं? अंगावर का नाही दिसत तुझ्या?" आणि नरसिंग म्हणायचा, "प्रार्थना होऊ दे की आधी." प्रार्थना व्हायची. मग तिकडून कुणीतरी "फोन, फोन!" म्हणत दार वाजवायचं.

एकदा मी त्यांच्यात बसले होते. स्तुतीची पाळी आली. डोळे मिटून ती भराभरा म्हणाली, "प्रभू, आजच्या दिवसाबद्दल धन्यवाद. अभ्यासात बुद्धी दे. आईपप्पांना सुखी ठेव. आमेन." पाढा म्हणावा तसं. मी बत्तीस वर्षं पोरांना पाढे म्हणायला लावलेत, कोणतं पोर पाठ म्हणतंय आणि कोणतं मनातून, ते मला कळतं. तिचे गाल बसले होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. बाहेर आल्यावर मी सुवार्ताला म्हणाले, "एकदा जाऊन बघून ये. संध्याकाळचा फोन असू दे, पण तू जा."

ती ओट्यावर टेकली. म्हणाली, "मला बी तसंच वाटतंय, बाई. पण मी गेले तर प्रार्थनेच्या आत परत येणं व्हायचं न्हाई. संध्याकाळी हे एकटे राहतील. ह्यांची घडी मोडायची भीती वाटती मला."

बारा वर्षांत तिची भीती गेली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

नाताळ झाला, स्तुती दोन दिवस येऊन गेली. कमी बोलली, जास्त झोपली. अभ्यासाचा ताण असेल म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं. जानेवारीत एका दुपारी सुवार्ताला अनोळखी नंबरवरून फोन आला. वर्षाराणी बोलत होती. कुठल्याशा दुकानातून, दबक्या आवाजात.

"काकू, तुम्ही या. आजच या. स्तुती लई दिवसांपासून क्लासला जाईना झालीय. अंथरुणातच पडून राहिलीय. डबा मी संपवते, नाहीतर मॅडम ओरडतात. सकाळी मला म्हणाली..." आणि पोरगी थांबली. "म्हणाली, मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल."

सुवार्ता चपला न घालता दुकानात गेली. नरसिंगने हातातली मोटार तशीच उघडी टाकली. नळेगावमार्गे जाणारी एसटी मिळाली. रस्त्यात तो सारखं म्हणत होता, "काल तर बोलली. काल तर चांगली गायली." शेवटी सुवार्ता एवढंच म्हणाली, "गायली. बोलली न्हाई."

खोलीत स्तुती भिंतीकडे तोंड करून पडली होती. केस विंचरलेले नव्हते. सुवार्ताने तिचं डोकं मांडीवर घेतलं. नरसिंग दाराजवळ उभा राहिला. काय करावं ते त्याला कळेना, आणि जे एकच त्याला येत होतं ते त्याने केलं. खाली बसला आणि म्हणाला, "आपण प्रार्थना करू."

स्तुतीने डोळे उघडले. "पप्पा, नको."

"बाळा, दोन मिनिटं..."

"नको म्हणते ना!" ती उठून बसली. अंगात त्राण नव्हतं, पण आवाज फुटला. "मी इथं आल्या आल्या प्रार्थनेत म्हटलं होतं, प्रभू, मला इथं लई भीती वाटती, मला घरी ने. तुम्हाला आठवतंय? तुम्ही काय म्हणालात? म्हणालात, प्रार्थनेत रडगाणं गायचं नसतं, स्तुती, आभार मानायचे. मग मी आभार मानले. रोज मानले."

नरसिंगला आठवलं. मला सांगताना तो म्हणाला, "बाई, मी ते कौतुकानं म्हणालो होतो. शिकवायचं म्हणून. मला वाटलं पोरगी शिकली."

त्या रात्री ते तिला घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी लगेच लातूरच्याच एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोरीला एकटीला आत घेतलं, खूप वेळ बोलल्या, मग आईबापांना बोलावलं. गोळ्या दिल्या. आजार आहे, नाटक नाही, आळस नाही, आणि तिला एकटं सोडायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. गोळ्या लागू व्हायला वेळ लागेल, म्हणाल्या.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी नरसिंगने चटई अंथरली आणि गाणं सुरू केलं. पहिली ओळ संपायच्या आत आतल्या खोलीचं दार लागलं. कडी लावल्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला. सुवार्ता धावत गेली, "स्तुती, कडी काढ. कडी लावायची न्हाई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्यात?" आतून रडण्याचा आवाज. बऱ्याच विनवण्यांनंतर कडी निघाली.

सुवार्ता बाहेर आली आणि तिने चटई गुंडाळली. "बस झालं आता. तिला त्या गाण्याचाच धसका बसलाय. थोडे दिवस नको."

"मंग मी काय करू ह्या टायमाला?" नरसिंग म्हणाला.

सुवार्ता मला सांगत होती की एवढ्या वर्षांत त्याचा तसा आवाज तिने ऐकला नव्हता. लहान मुलासारखा. पण तिच्याकडे त्याला द्यायला काही उरलं नव्हतं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत? मी आता तिच्याकडं बघू का तुमच्याकडं?"

तो दुकानात गेला. शटर अर्धं वर करून आत अंधारात बसला. मकबूल संध्याकाळची मगरिबची नमाज आटपून येत होता, त्याला शटर दिसलं.

"नरसिंग? ह्या टायमाला तू इथं कसा?"

नरसिंगने सगळं सांगितलं. मकबूल स्टुलावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "आमचा पोरगा बिलाल पुण्याला नोकरीला लागला. तो नमाज पढतो का न्हाई, मी विचारत न्हाई. विचारलं तर 'हाव, पढतो' म्हणणार. तसलं हाव घेऊन मी काय करू, भाई? मी एवढंच विचारतो, कसा हायेस. तेबी कधी सांगतो, कधी फोन ठेवून देतो."

"पण तुझी नमाज तर चालू हाय की."

"माझी चालू हाय. ती माझी हाय."

मकबूलने त्याला घरापर्यंत सोडलं. त्यानंतर काही संध्याकाळी मकबूल त्याला मुद्दाम गुंतवून ठेवायचा, ट्यूब बदलायला लाव, हवा भरायला लाव. पण मकबूलला रोज कसं जमणार? त्याच्या बहिणीकडे अर्धापूरला काही कार्य होतं, तो गेला, आणि त्याच संध्याकाळी नरसिंग गुत्त्यात गेला.

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तो येताना मला दिसला. पाय सरळ पडत होते, पण भिंतीला धरून चालत होता. बारा वर्षांनी. मी उठून उभी राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. दार स्तुतीने उघडलं.

तिला वास आला. ती बाजूला झाली. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. सुवार्ताने त्याचं अंथरूण घातलं आणि स्वतः पोरीच्या खोलीत जाऊन बसली.

सकाळी सुवार्ता माझ्याकडे आली ती पदराच्या टोकाने तोंड दाबून. स्तुती गोळी घ्यायला तयार नव्हती. म्हणत होती, माझ्यामुळं पप्पा परत प्यायला लागले, मी घरी आलेच कशाला. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, लागत नव्हता. मी सुवार्ताबरोबर त्यांच्या घरात गेले. नरसिंग मोरीजवळ बसला होता, डोकं धरून. त्याने आमचं बोलणं ऐकलं होतं. मला वाटलं हा आता तोंड लपवून दुकानात जाईल. तो उठला, तोंड धुतलं आणि पोरीच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन बसला. आत गेला नाही.

"स्तुती, मी पिलो," तो म्हणाला. "तू न्हाई पाजलीस. दुकानापासून तिथवर मी माझ्या पायानं गेलो. वाटेत माझ्या मनात तू नव्हतीस. माझ्या मनात बाटली होती."

तिने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

"तू चार वर्षांची होतीस तवाबी तुझा दोष नव्हता. आताबी न्हाई."

पांघरुणातून आवाज आला. "आता परत रोज प्याल?"

मी आणि सुवार्ता एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या दोघींच्या मनात होतं, न्हाई म्हण, पटकन न्हाई म्हण.

"म्हाईत न्हाई," नरसिंग म्हणाला. "मला वाटत होतं, एक दिवस सुटला की मी संपलो. घडी मोडली, काल पिलोबी. आज अजून बसलोय हितं. पुढचं म्हाईत न्हाई."

स्तुतीने गोळी मागितली. पाण्याचा पेला नरसिंगनेच आत सरकवला.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं मी सांगितलं तर ते खरं होणार नाही. त्या महिन्यात तो आणखी एकदा पिऊन आला. एकदा गुत्त्यापर्यंत जाऊन परत आला आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिला, तो मकबूलला सापडला. स्तुतीचे काही दिवस बरे जायचे, काही अजिबात नाही. ती अंघोळ करायची नाही, केसांना हात लावू द्यायची नाही. सुवार्ता वाळत चालली. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना बायका विचारायच्या, "झेपलं नाही वाटतं पोरीला?" एक तर म्हणाली, "इतकी प्रार्थना असलेल्या घरात असं कसं झालं?" सुवार्ता पुढचे दोन रविवार आलीच नाही.

संध्याकाळी मात्र नरसिंग चटई परत अंथरायला लागला होता. गाणं नाही. मोठ्याने काही नाही. एकटाच हात मांडीवर ठेवून बसायचा आणि थोड्या वेळाने उठायचा. स्तुतीला त्याने बोलावलं नाही. सुवार्तालाही नाही. मला विचाराल तर त्याला ते फार जड गेलं. माणसाने आपल्या घरातल्यांना हाताला धरून बसवायचं सोडून द्यायचं आणि तरी आपण बसायचं, हे सोपं नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी स्तुती येऊन चटईच्या कडेला बसली. म्हणाली, "मी नुसती बसते. बोलायला लावायचं न्हाई."

"न्हाई लावत."

सुवार्ताही आली. नरसिंगला काय करावं कळेना. शेवटी त्याने विचारलं, "आज कसं गेलं तुझं?"

"वाईट."

त्याला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं, हे सुवार्ताला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने ते गिळलं. डोळे मिटले आणि म्हणाला, "प्रभू, स्तुतीचा आजचा दिवस वाईट गेला. माझाबी गेला. आमेन." बस. मग भाकरी, आंबट वरण, जेवण.

हळूहळू तेच वळण पडलं. आज कसं गेलं ते प्रत्येकाने सांगायचं, खोटं सांगायचं नाही, सांगायचं नसलं तर गप्प बसायचं. जे सांगितलं तेवढंच देवापुढे ठेवायचं. सुवार्ताने पहिल्यांदा खरं सांगितलं त्या दिवशी घरात वादळ झालं. ती म्हणाली, "बारा वर्षं मी तुम्हाला भिऊन जगले. तुमच्या पिण्याला न्हाई, तुमच्या न पिण्याला. घरात काच ठेवल्यासारखं." नरसिंग उठून बाहेर गेला. आम्हाला वाटलं झालं, गेला परत. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. तिची माफी त्याने त्या दिवशी मागितली नाही. काही दिवसांनी मागितली, असं ती म्हणाली.

उन्हाळ्यात पाळकांनी सवयीप्रमाणे जोडप्यांच्या बैठकीला नरसिंगला उभं केलं. त्यांना बरंचसं माहीत नव्हतं. नरसिंग उभा राहिला आणि नेहमीचंच सुरू केलं, "वेळ ठरवा, जागा ठरवा." मग थांबला. म्हणाला, "आन् लेकरू काय म्हणतंय ते ऐका. माझं ऐकायचं राहिलं. माझी पोरगी त्यात मरता मरता वाचली. मी मधी परत पिलोबी. तरी आम्ही बसतो संध्याकाळी. एवढंच." आणि खाली बसला. दोन वडीलधाऱ्यांना ते आवडलं नाही. नव्या पोरांसमोर असलं बोलायचं का, म्हणाले. पुढच्या बैठकीला त्याला कुणी बोलावलं नाही. पण एक तरुण जोडपं त्याच्या दुकानात जाऊन बसून आलं, हे मला मकबूलने सांगितलं.

स्तुती आता इथल्याच कॉलेजात बारावीला बसणार आहे, आर्ट्सला. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर व्हायचं नाव घरात कुणी काढत नाही. नरसिंगने उमेद सोडली का, तर मला वाटत नाही. रस्त्यात पांढरा कोट घातलेली मुलगी दिसली की तो अजून वळून बघतो. तेवढं त्याला माफ आहे.

जूनमध्ये डॉक्टरकीच्या परीक्षेचा निकाल लागला. वर्षाराणीला फार कमी मार्क पडले. तिच्या वडिलांनी तिला गावाकडे नेलं आणि लग्नाचं बघायला लागले. तिने स्तुतीला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, हेच स्तुतीला सगळ्यात वाईट वाटलं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. चटईवर बसल्यावर कुणी काही विचारायच्या आत स्तुती बोलायला लागली. डोळे उघडे ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत.

"प्रभू, तिनं माझा डबा खाल्ला, माझं पांघरूण धुतलं, मला वाचवलं. मला तू घरी आणलंस. तिला कशाला असं केलंस? मला राग आलाय तुझा. मी आमेन म्हणणार न्हाई."

नरसिंगचे ओठ हलले. सुवार्ताने त्याच्याकडे बघितलं. त्याने ओठ मिटून घेतले. आम्ही चौघं तशीच बसलो. बाहेर गल्लीत पोरं खेळत होती, कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती.

मग स्तुती उठली, फोन घेतला आणि वर्षाराणीला लावला. उंबऱ्यात बसून बोलत राहिली. "तुझ्या पप्पांना मी बोलू का? माझे पप्पा बोलतील का? थांब, विचारते." तिने मागे वळून बघितलं. नरसिंगने मान हलवली, हात पुढे केला आणि फोन घेऊन, घसा साफ करून म्हणाला, "बाळ, मी स्तुतीचा बाप बोलतोय. तुझे वडील हायेत का घरात?"

वडील घरात होते. पोरीच्या लग्नाची घाई करू नका, असं नरसिंग त्यांना म्हणाला. त्या दिवशी बोलणं फार काही चांगलं झालं नाही. तिकडचा माणूस चिडला, तुमच्या घरात बघा म्हणाला. नरसिंगने ऐकून घेतलं. येत्या रविवारी मी तुमच्याकडे येतो, म्हणाला, आणि मकबूलला बरोबर आणतो, त्याने मुलींची लग्नं लावलीत, घाई का करू नये ते त्याला कळतं. तिकडून फोन ठेवला गेला.

"येऊ देतील का?" सुवार्ताने विचारलं.

"म्हाईत न्हाई," नरसिंग म्हणाला. "जाऊन बघतो."

भाकऱ्या गार झाल्या होत्या. तिने त्या तव्यावर परत गरम केल्या, आणि मलाही जेवायला बसवलं.